बीडलॉक आणि चुंबळ

"चोवीस बोल्टांची घेऊ की बत्तीस?"

सत्यशील सरनोबतने तिसऱ्यांदा विचारलं.

बाबालाल वस्ताद टबातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडा शोधत होते. तो सापडला, तसं त्यांनी त्यावर बोट ठेवलं.

"गावला."

"वस्ताद, मी चाकांचं विचारतोय."

"मग मी काय भजी तळतोय?"

आजऱ्याच्या पुढे, घाट उतरायच्या आधी वस्तादांचं टायरचं दुकान होतं. वय बहात्तर. त्यातली चाळीस वर्षं त्यांनी जीपगाडीने डोंगर पालथे घालण्यात घालवली होती. टायरवर नुसती थाप मारून ते आतली हवा सांगत. मग कुणी खात्रीसाठी मीटर लावलंच, तर ओशाळायची वेळ मीटरवर यायची.

सत्यशील कोल्हापूरचा. एकतीस वर्षांचा, फाउंड्रीचा मालक, चिखलात आणि दगडांत गाडी घालायचा नाद असलेला. दोन स्पर्धांचे कप त्याने जिंकले होते. एक ऑफिसात होता आणि दुसरा जीपच्या डॅशबोर्डवर, म्हणजे कुणाला चुकून दिसायचा राहू नये. गेली तीन वर्षं तो दर आठवड्याला वस्तादांकडे शिकायला येई. शिकण्यापेक्षा सांगतच जास्त असे, ही गोष्ट वेगळी.

आज त्याने चार चाकांची चित्रं बाकावर मांडली होती. चारही बीडलॉक.

टायरची कड रिमला घट्ट बसते ती आतल्या हवेच्या जोरावर. दगडांत जायचं तर हवा कमी करतात, म्हणजे टायर पसरतो आणि दगडाला धरतो. पण हवा फारच कमी केली की ती कड रिमवरून निसटते आणि गाडी बसते. बीडलॉकमध्ये त्या कडेवर एक रिंग ठेवून ती गोल बोल्टांनी रिमला आवळून टाकतात. मग टायर सुटायचं नाव नको.

"कशासाठी पायजेत तुला?" वस्तादांनी विचारलं.

"असं काय करता! गिरणीसाठी."

गिरणीचं मात्र खरं होतं.

डोंगरावर कोळंबीचा धनगरवाडा होता. बावीस घरं. रस्ता नाही, वीज येते-जाते. नाचणी दळायची तर बायका डोक्यावर गठुडं घेऊन दीड तास खाली उतरत आणि पीठ घेऊन दोन तास वर चढत. या वर्षी त्यांच्या बचत गटाने डिझेलवर चालणारी गिरणी घेतली होती. ती खालच्या शाळेच्या व्हरांड्यात येऊन तीन आठवडे झाले होते. एक ट्रॅक्टर तिला घेऊन निघाला आणि अर्ध्या वाटेवरून परत आला.

वस्तादांनी वाड्याला शब्द दिला होता... येत्या रविवारी गिरणी वर.

पण वस्तादांचे गुडघे आता क्लच दाबू देत नव्हते. म्हणजे गाडी दुसऱ्या कुणीतरी न्यायची. कुणी, ते वस्तादांनी अजून सांगितलं नव्हतं. आणि सत्यशीलचा सगळा जीव त्यात अडकला होता. कप दोन होते, पण वस्तादांनी 'सत्या नेईल' असं एकदा चारचौघांत म्हणावं, यासाठी तो दोन्ही कप देऊन टाकायला तयार होता. निदान ऑफिसातला तरी.

"गिरणीसाठी," वस्ताद म्हणाले. "का त्या व्हिडिओसाठी?"

सत्यशीलने बाकावरची चित्रं उगाच सरळ केली.

गेल्या वर्षी स्पर्धेत ऐन चढावर त्याचा टायर रिम सोडून निघाला होता. कुणीतरी त्याचा व्हिडिओ केला आणि निम्म्या कोल्हापूरने पोट धरून हसून घेतलं. त्याच्या सासुरवाडीलाही तो पोहोचला होता.

"चल," वस्ताद उठले. "वर जाऊन येऊ. आल्यावर सांगतो, कंची घ्यायची."

"या साध्या चाकांवर?"

"न्हाई तर माझ्या खांद्यावर बस."

वाड्याची वाट सुरू होते तिथे दोघं जीपमधून उतरले. सत्यशीलने मीटर काढलं, एकेका टायरची हवा सोडली.

"आठ पौंड," तो म्हणाला.

"पंधरा पुरे की."

"आठला पकड जास्त मिळते, वस्ताद. आता सगळं जग आठ-दहावर चालवतं."

"असंल बाबा. जग मोठं हाय."

आणि त्यांनी खिशातून शेंगदाणे काढले.

अर्धी वाट बरी गेली. मग ती आली, जिच्यापुढून ट्रॅक्टर मागे फिरला होता. वाटेच्या रुंदीभर आडवा पडलेला काळा कातळ, गुडघ्याहून थोडा उंच, वरून गुळगुळीत, खालून ओबडधोबड. वाड्यावरचे लोक तिला 'सासू' म्हणत. कारण तिच्यासमोर कुणाचीही मिजास चालत नसे.

सत्यशीलने सासूकडे पाहिलं. दात आवळले. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला.

पुढचं चाक कातळाला भिडलं, चढलं, घसरलं. त्याने आणखी दाबला. इंजिन ओरडायला लागलं. चाक जागच्या जागी गरगरायला लागलं, रबराचा वास सुटला. त्याने स्टिअरिंग जोराने डावीकडे ओढलं...

फस्स.

जीप एका बाजूला कलली. डॅशबोर्डवरचा कप वस्तादांच्या मांडीत येऊन पडला. त्यांनी तो उलटा करून पाहिला आणि त्यात शेंगदाण्यांची टरफलं टाकली.

सत्यशील उडी मारून खाली उतरला. टायर रिम सोडून बाहेर आला होता. आणि मौज म्हणजे, त्याला जवळजवळ आनंदच झाला.

"पाहिलंत? पाहिलंत ना? मी काय म्हणत होतो! बीडलॉक असती तर सुटलाच नसता!"

वस्ताद सावकाश उतरले. एका धोंड्यावर बसले.

"नसता सुटला," ते म्हणाले.

"मग!"

"टायर धरून राहिला असता. आन तू असाच दाबत ऱ्हायला असतास."

"हो."

"चाक अडकलेलं, टायर सुटंना, आन वरनं तुझा पाय. मग काय तुटलं असतं?"

सत्यशीलने कललेल्या चाकाकडे पाहिलं. फाउंड्रीवाला माणूस, लोखंडावर कुठे किती जोर येतो ते त्याला कळत नव्हतं असं नाही.

"...एक्सल," तो हळूच म्हणाला.

"त्याला कितीचे बोल्ट लावूया? चोवीस का बत्तीस?"

सत्यशीलचे कान लाल झाले. तो जॅक काढायला मागे गेला.

एवढ्यात खालून बोलण्या-हसण्याचा आवाज आला. तीन बायका वर येत होत्या. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पिठाचं गठुडं, आणि हात मोकळे. पुढची बयाबाई झोरे, बचत गटाची अध्यक्ष. साठीची, वाळलेल्या खोडासारखी चिवट बाई. पहाटे खाली उतरून, दळण आणून, आता परत निघाली होती.

ती थांबली. कलंडलेली जीप तिने या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली.

"वस्ताद, आमची गिरणी आणणारी गाडी ती हीच व्हय?"

"बघू," वस्ताद म्हणाले.

ते 'बघू' सत्यशीलला चांगलंच झोंबलं. नाही म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं.

"अन् ह्यो ड्रायव्हर?"

"बघू."

"गाडी चांगली हाय," बयाबाई म्हणाली. "पर वाटंसंगट भांडतीया. आम्ही खालनं ऐकत हुतो."

बाकीच्या दोघी पदर तोंडाला लावून हसल्या.

तरी गठुडी उतरवून तिघी मदतीला आल्याच. जॅक लावला. टायरवर साबणाचं पाणी मारलं. वस्तादांनी टायरभोवती दोर बांधायला लावला आणि त्यात काठी घालून पीळ दिला. दोर आवळला तशा टायरच्या कडा रिमकडे दबल्या. सत्यशीलने पंप लावला. हवा भरत गेली... आणि ठाक! कड जागेवर बसली.

बयाबाईने कडाकडा बोटं मोडून जीपची दृष्ट काढली.

सत्यशील घाईने दार उघडायला लागला.

"थांब," वस्ताद म्हणाले. "बयाबाई, जरा चुंबळ दे ह्याला."

"कुणाला?"

"ह्याला. आन गठुडं बी."

सत्यशीलला वाटलं, थट्टा आहे. पण वस्ताद हसत नव्हते. बयाबाईने जुन्या लुगड्याच्या चिंधीची ती वळलेली चुंबळ त्याच्या डोक्यावर ठेवली. मग दोघींनी मिळून गठुडं उचललं आणि वर ठेवलं. वीस किलो असेल. रोज व्यायामशाळेत याच्या तिप्पट उचलणाऱ्या सत्यशीलला त्याचं काय!

"सासू चढून दाखव," वस्ताद म्हणाले.

त्याने गठुडं दोन्ही हातांनी घट्ट पकडलं आणि तडक कातळाकडे निघाला. पहिलं पाऊल ठीक. दुसऱ्याला धोंडा हलला. तो एकीकडे झुकला, हातांनी गठुडं दुसरीकडे ओढलं, त्याबरोबर मान वाकडी झाली आणि गठुडं निघालं खाली. बयाबाई पुढे आली नसती, तर सासूला त्या दिवशी नाचणीची पावडर लागली असती.

"आरं लेकरा, धरतुयास कशाला?"

"धरलं नाही तर पडेल ना!"

"धरलंस म्हून पडलं. हात सोड."

"आणि मग?"

"मग काय? मान हाय न्हवं? ती बघंल की."

सत्यशीलने वस्तादांकडे पाहिलं. ते शेंगदाणा सोलत होते.

गठुडं पुन्हा डोक्यावर आलं. त्याने हात खाली सोडले. सोडले म्हणजे काय, दोनदा आपोआप वर गेले, दोन्ही वेळा बयाबाईने चापट मारून खाली आणले.

आता घाई करताच येईना. ओझं डोक्यावर तोललेलं, हात रिकामे, तेव्हा पायाखाली काय आहे ते पायालाच विचारावं लागलं. एक दगड डगमगला. त्याने पाऊल उचललं, दोन बोटं बाजूला टेकवलं. तिथे दगड पक्का होता. थांबला. मान आपली आपण थोडी सरकली आणि गठुडं तिच्याबरोबर सरकलं. पुढचं पाऊल. कातळाच्या कडेला पाय लावला, चाचपला, भार हळूच त्यावर दिला...

आणि तो वर उभा होता.

गठुडं डोक्यावर तसंच होतं. हात मोकळे होते. कोल्हापूरचा हा दोन कपांचा मालक डोक्यावर पीठ घेऊन कातळावर उभा राहिला आणि मोठमोठ्याने हसायला लागला. इतका आनंद त्याला दोन्ही कप मिळाले तेव्हाही झाला नव्हता, आणि त्याला ते त्याच क्षणी कळलं.

"सासू पावली गं बाई ह्याला!" मागची एक ओरडली.

"आता गाडी," वस्ताद म्हणाले.

गठुडं बयाबाईला देऊन सत्यशील खाली आला. आधी त्याने चारही चाकांत पंधरापर्यंत हवा भरून घेतली. वस्तादांनी एक शेंगदाणा तोंडात टाकला. मग तो कातळापाशी ओणवा झाला, हाताने कड चाचपली, एक सुटा धोंडा उचलून टाकला, दुसरा उचलून खोबणीत बसवला. गाडीत बसला. पहिला गिअर, तोही लो, म्हणजे जीप रांगतच चालणार. स्टिअरिंगवर हात ठेवले, पण ठेवलेच फक्त. पाय जेमतेम टेकवला.

चाक कातळाला भिडलं आणि थांबलं. त्याचा पाय शिवशिवला. सवयच ती! पण त्याने दाबला नाही. वाट पाहिली. टायर हळूच दबला, कातळाच्या ओबडधोबड अंगावर पसरला...

"कधी चढणार?" त्याने स्वतःशीच विचारलं.

"चढलास की," शेजारून वस्ताद म्हणाले. "मागची चाकं ऱ्हायलीत फक्त."

मागचीही चढली. इंजिन एकदाही ओरडलं नाही. पुढे चाललेल्या बायकांनी मागे वळूनही पाहिलं नाही, कारण वळून बघण्यासारखा आवाजच झाला नव्हता.

वाड्यावर म्हशीच्या दुधाचा दाट चहा आला. ओट्यावर माणसं जमली. गिरणी कुठे बसवायची ती जागा बयाबाईने आधीच सारवून ठेवली होती, तीन आठवड्यांपूर्वीच. तिथे सारवणावर एक कोंबडी बसली होती. बयाबाईने तिला हुसकलं.

"रविवारी नक्की का, वस्ताद?"

वस्तादांनी बशीतला शेवटचा घोट घेतला. बशी खाली ठेवली...

"सत्या आणंल."

एवढंच. चारचौघांत.

सत्यशीलने चटकन मान खाली घातली. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते लपवायला समोर चहाचा रिकामा कप सोडून काही नव्हतं. त्याने तो रिकामा कप तोंडाला लावला. बयाबाईने ते पाहिलं आणि त्यात आणखी चहा ओतला.

परतीच्या वाटेवर बीडलॉकचा विषय निघाला नाही. दुकानात चित्रं बाकावर तशीच पडली होती. सत्यशीलने ती गोळा केली आणि दप्तरात टाकली. कुठली घ्यायची, हे वस्तादांनी सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही. त्याच्या मनाने उत्तर घेतलं होतं... हे सगळं नकोच.

रविवारी तीन खेपा झाल्या.

पहिल्या खेपेला डिझेलचं इंजिन. दुसऱ्या खेपेला गिरणी, गोणपाटात गुंडाळून, दोरांनी बांधून, मागे दोन माणसं बसवून. सासूपाशी सत्यशील दर वेळी उतरला, वाकला, हात लावून आला. मागे बसलेल्या दोघांपैकी एकाला सासू गेल्याचं वर पोहोचल्यावर सांगावं लागलं, कारण पठ्ठ्याला डुलकी लागली होती.

तिसऱ्या खेपेला वस्ताद आले. नवा शर्ट घालून, अत्तर लावून.

दुपारपर्यंत इंजिन बसलं, पट्टा चढला. हँडल मारायचा मान बयाबाईचा. तिने पदर खोचला, एकदा मारलं, दोनदा मारलं. तिसऱ्यांदा इंजिन धडधडलं आणि सगळा वाडा एका सुरात ओरडला. कुत्री पळाली. पोरं नाचायला लागली. नाचणी वरून पडली आणि खालून पीठ आलं... गरम, उडणारं. बायका ते मुठीत घेऊन एकमेकींच्या गालांना लावायला लागल्या. रंगपंचमीच म्हणायची, फक्त रंग एकच. एक म्हातारी गिरणीला हात लावून नुसती रडत होती. चाळीस वर्षं तिच्या मानेने हे पीठ वाहिलं होतं.

बयाबाईने पिठाची मूठ भरली आणि जीपच्या चारही चाकांना टिळे लावले. मग सत्यशीलच्या कपाळाला लावला. मग नाकाला.

तो पिठाने माखून, हसत, वस्तादांच्या शेजारी येऊन बसला. वस्तादांच्याही मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, म्हणजे होत्या त्याहून.

"उद्या दुकानात ये," गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून ते म्हणाले.

"येतो. काय काम?"

"बीडलॉक मागवू. चारी चाकांना बसवू. पाऊसकाळात चिखलाला हवा आणखी कमी करावी लागंल, आन ह्यांचं डिझेल तूच आणायचंस."

सत्यशील त्यांच्याकडे बघतच राहिला.

"आता?" तो म्हणाला. "आता कशाला, वस्ताद? तीन खेपा झाल्या. एकदा तरी टायर सुटला का?"

वस्तादांनी मिशीवरचं पीठ झटकलं आणि त्याच्या उजव्या पायाकडे बोट दाखवलं...

"सुटणाऱ्या टायरला मी रिंग बसवत नसतो, लेका."